वाल्ड्सहूटहून गाडीतून किराणा आणि वाइन आणताना: स्विस कस्टम्सचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतात नुकतंच राहायला आलेलं कुटुंब आहे. नवरा-बायको, नऊ आणि चार वर्षांची मुलं, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी गाडी काढून ऱ्हाइनपलीकडे जर्मनीतल्या वाल्ड्सहूटला जायचं आहे. यादीत तुपासाठी बटर, श्रीखंडासाठी क्वार्क (चक्क्यासारखं मऊ ताजं चीज), चिकन, तांदूळ, तेल, वाइनच्या बारा बाटल्या, बिअरचं एक क्रेट, व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणि २२९ युरोचा फूड प्रोसेसर आहे. किती आणता येतं, कुठे थांबायचं, आणि ‘पकडलं तर काय’, हे त्यांना विचारायचं आहे.

मी सीमेलगतच्या एका स्पेडिशन (मालवाहतूक) कंपनीत मालाची कस्टम्सची कागदपत्रं करतो. काम ट्रकच्या मालाचं असलं तरी ओळखीचे लोक विचारतात ते बटर आणि बिअरबद्दलच. त्यामुळे आधी ‘पकडलं तर’ हा शब्दप्रयोगच बाजूला ठेवू. मर्यादेपेक्षा जास्त माल आणणं हा गुन्हा नाही. तो न सांगता आणणं हा गुन्हा आहे. सांगून आणलं तर बऱ्याच वस्तूंवर इतके कमी पैसे पडतात की लपवण्यात काही अर्थच उरत नाही. काही मोजक्या वस्तूंवर मात्र इतके पडतात की त्या जास्त आणण्यात अर्थ नसतो. कोणती वस्तू कुठल्या गटात जाते एवढं कळलं की यादी कशी करायची ते आपोआप कळतं.

आधी एक मूळ गैरसमज. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे पुलावरून गाडी न थांबता जाते आणि माणसाला वाटतं की सीमा उरलीच नाही. शेंगेन माणसांसाठी आहे, मालासाठी नाही. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टम्स संघात नाही. चौकीत कोणी दिसलं नाही तरी माल सांगण्याची जबाबदारी तुमचीच राहते. नाका ओलांडल्यावर पुढे एखाद्या वळणावर गस्तीची गाडी थांबवू शकते आणि तेव्हा ‘तिथे कोणी नव्हतं’ हे कारण चालत नाही.

आता हिशेब. दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत, एक किमतीची आणि एक प्रमाणाची. दोन्ही एकाच वेळी लागतात आणि एकीत बसलात म्हणून दुसरीतून सुटत नाही. लोकांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो.

किमतीची मर्यादा माणशी दिवसाला १५० फ्रँक. १ जानेवारी २०२५ पूर्वी ती ३०० होती, म्हणून जुने लोक अजून ३०० सांगतात. त्यांचं ऐकू नका. मुलांनाही पूर्ण १५० मिळतात, अगदी तान्ह्या बाळालाही, पण ते बाळ गाडीत असलं पाहिजे. तुमची पाच माणसं म्हणजे ७५० फ्रँक. सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी दुसरी, असं करून त्याच दिवशी दुसऱ्यांदा सवलत मिळत नाही.

यातली कळीची गोष्ट अशी की मर्यादा ओलांडली तर फक्त वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर व्हॅट लागतो. एकट्या माणसाकडे १६० फ्रँकचा माल असेल तर कर १० वर नाही, १६० वर. पण घाबरण्याआधी दर पाहा. खाद्यपदार्थांवर २.६ टक्के आहे, दारू आणि इतर बहुतेक वस्तूंवर ८.१ टक्के. म्हणजे १६० फ्रँकच्या किराण्यावर ४ फ्रँक १६ सेंट. एवढ्यासाठी सामान सीटखाली ढकलायचं?

शिवाय किंमत मोजायची ती जर्मन व्हॅट वगळून, पण पावतीवर तो वेगळा दाखवलेला असला तरच. जर्मन दुकानांच्या पावत्यांवर तो दाखवलेला असतोच. तिकडे बहुतेक खाद्यपदार्थांना ७ टक्के आणि बाकीच्या वस्तूंना १९ टक्के. समजा किराण्याची पावती १६० युरोची आहे. ७ टक्के काढले की १४९ युरो ५३ सेंट. युरोचा दर ०.९४ फ्रँक धरला तर साधारण १४०.५० फ्रँक. म्हणजे एकटा माणूसही मर्यादेत. दर रोज बदलतो, तो त्या दिवशीचा पाहा. पावत्या पाकिटात, हाताशी ठेवा. पावती नसेल तर अधिकारी अंदाजाने किंमत लावतो आणि तो अंदाज तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

फूड प्रोसेसरचं वेगळं आहे. एकच वस्तू १५० फ्रँकच्या वर असेल तर गाडीत पाच माणसं असली तरी तिची किंमत पाच जणांत वाटता येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतोच. २२९ युरोतून १९ टक्के काढले की १९२ युरो ४४ सेंट, वरच्याच दराने सुमारे १८१ फ्रँक, त्यावर ८.१ टक्के म्हणजे साडेचौदा फ्रँकच्या आसपास. जर्मन व्हॅट परत मिळाला तर साडेछत्तीस युरो हातात येतात. तेव्हा सांगून आणा, फायदाच आहे.

आता प्रमाण. इथे स्विस शेतीचं संरक्षण हा सगळ्यामागचा विचार आहे आणि तो लक्षात ठेवला तर नियम पाठ करावे लागत नाहीत. ज्या मालासाठी इथला शेतकरी झगडतो त्यावर मर्यादा कडक आहे. तांदूळ, डाळी, कणीक, भाज्या, फळं, दूध, दही, चीज, क्वार्क, अंडी यांना प्रमाणाची मर्यादाच नाही. दहा किलो तांदूळ आणा नाहीतर वीस, फक्त किंमत मोजली जाते. मासेही तसेच. मांसाच्या मर्यादेत मासे आणि कोळंबी धरत नाहीत. कोकणातल्या माणसाला याहून चांगली बातमी मी देऊ शकत नाही.

मांस मात्र माणशी १ किलो, आणि त्यात चिकन, मटण, सॉसेज, हॅम, सलामी सगळं एकत्र. त्यावर गेलात की किलोला १७ फ्रँक, आणि जादा माल १० किलोच्या पुढे गेला तर २३. तुम्ही पाच जण, म्हणजे ५ किलो. सहावा किलो आणला तर जर्मनीतल्या स्वस्ताईतून वाचवलेलं सगळं त्यात जातं. मुलांच्या वाटचं मांस आणि बटर धरता येतं, कारण खाद्यपदार्थांना वयाची अट नाही.

बटर हा आपल्या लोकांचा खरा प्रश्न. दिवाळीच्या तोंडावर तूप कढवायला प्रत्येकालाच बटर हवं असतं. बटर आणि क्रीम मिळून माणशी १ किलो किंवा १ लिटर, त्यावर किलोला १६ फ्रँक. जर्मन बटर २५० ग्रॅमच्या पाकिटात येतं, म्हणजे माणशी चार पाकिटं, तुम्हा पाच जणांना वीस. ८२ टक्के स्निग्धांशाच्या बटरमधून किलोमागे साधारण ८०० ग्रॅम तूप निघतं, म्हणजे तुमचं चार किलो तूप सहज होईल. करंज्या, चकल्या, बेसनाचे लाडू मिळूनही ते पुरावं. पण श्रीखंडाच्या नादात क्रीमचे डबे टोपलीत टाकलेत तर ते याच पाच किलोतून वजा होतात, हे ध्यानात ठेवा. क्वार्क हवं तेवढं घ्या. ४० टक्क्यांवालं क्वार्क फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की चांगला चक्का होतो आणि क्रीम लागतच नाही.

तेल, बटर सोडून इतर चरबी, मार्जरीन मिळून माणशी ५ लिटर किंवा किलो, पुढे लिटरला २ फ्रँक. तळणाच्या तेलाने तुम्ही ही मर्यादा कधी गाठणार नाही, म्हणून पुढे जातो.

दारू. इथे वयाची अट आहे, १७ वर्षं पूर्ण असलेल्यांनाच सवलत. तुमच्या गाडीत तीन माणसं मोजायची, सासूबाई धरून. त्या घेत नसल्या तरी सवलत त्यांची आहेच. १८ टक्क्यांपर्यंतच्या पेयांना माणशी ५ लिटर, त्याहून कडक पेयांना माणशी १ लिटर. या दोन्ही सवलती स्वतंत्र मिळतात. बिअर, वाइन, स्पार्कलिंग सगळं त्या ५ लिटरमध्ये एकत्र. पोर्ट वाइन बहुधा १९-२० टक्क्यांची असते आणि ती व्हिस्कीच्या गटात जाते, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचा, नावावर जाऊ नका.

वर गेलात तर पहिल्या गटात लिटरला २ फ्रँक, दुसऱ्यात लिटरला १५. हा फरक मनमानी नाही. स्वित्झर्लंडमध्ये शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला २९ फ्रँक असा स्पिरिट कर आहे, तो इथे बनलेल्या मद्यालाही लागतो. १८ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला तो नाही. म्हणजे ४० टक्क्यांच्या एक लिटर व्हिस्कीत ११ फ्रँक ६० सेंट नुसता हा कर बसलेला असतो. १५ चा ठोक दर त्याच हिशेबाच्या आसपासचा आहे.

तुमच्या यादीचं पाहू. वाइनच्या बारा बाटल्या पाऊण लिटरच्या, म्हणजे ९ लिटर. अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्यांचं क्रेट म्हणजे १० लिटर. एकूण १९, सवलत १५, जादा ४ लिटर. पडतात ८ फ्रँक. माझं स्पष्ट मत आहे की हे ८ फ्रँक भरा आणि क्रेट घेऊन या. व्हिस्कीच्या ०.७ लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे १.४ लिटर, सवलत ३ लिटरची, तिथे काही नाही. पण दारूची किंमतही त्या ७५० फ्रँकच्या बेरजेत धरायची असते. प्रमाणात बसली म्हणून ती किमतीतून सुटत नाही.

तंबाखूचंही वय १७ च. माणशी २५० सिगारेटी, पुढे प्रत्येकीला २५ सेंट. तुमच्या यादीत नाही, तेव्हा एवढंच.

आता जर्मन व्हॅट परत घेण्याची हिरवी स्लिप. एका दुकानाची एक पावती ५० युरोच्या वर असली पाहिजे. दोन दुकानांच्या पावत्या जोडता येत नाहीत, म्हणून डीएममध्ये ३० आणि आल्डीत ४० असं विखरू नका. काउंटरवर सांगितलं की ते फॉर्म काढून देतात. त्यावर नाव-पत्ता भरायचा आणि सोबत पासपोर्ट व स्विस वास्तव्याचं परमिट ठेवायचं, कारण तुमचं वास्तव्य युरोपियन युनियनबाहेर आहे हे दाखवावं लागतं. आपला भारतीय पासपोर्ट एकटा त्याला पुरत नाही. परत येताना जर्मन कस्टम्सच्या खिडकीवर थांबून शिक्का घ्यायचा. माल पाहायला मागतात, म्हणून तो डिकीच्या तळाशी गाडू नका. खरेदीच्या महिन्यानंतरच्या तीन महिन्यांत माल बाहेर गेला पाहिजे. शिक्क्याची स्लिप पुढच्या खेपेला त्याच दुकानात दिली की पैसे मिळतात.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जर्मन शिक्का म्हणजे स्विस डिक्लरेशन नव्हे. दोन देशांची दोन कार्यालयं आहेत, कधीकधी एकाच आवारात, आणि माणूस पहिल्या खिडकीवरून समाधानाने गाडीत बसून निघून जातो. पुढे स्विस बाजूला त्याने काहीच सांगितलेलं नसतं. स्लिपवर जर्मन सरकारचे पैसे परत घेतलेत आणि स्विस व्हॅट भरला नाहीत, तर हिशेबाचा अर्धाच भाग पूर्ण झाला.

आणि हे दोन्ही भाग धरूनच १५० च्या मर्यादेकडे पाहिलं पाहिजे. एकट्याने २०० फ्रँकचा, कर वगळून, निव्वळ किराणा आणला तर जर्मनीकडून ७ टक्के म्हणजे १४ फ्रँक परत येतात आणि इथे २.६ टक्के म्हणजे ५ फ्रँक २० सेंट भरावे लागतात. मर्यादा ओलांडूनही तुम्ही फायद्यातच राहता. १५० च्या आत बसण्यासाठी लोक टोपलीतून डाळीची पाकिटं परत ठेवताना दिसतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

डिक्लेअर कसं करायचं? दोन मार्ग. एक, कर्मचारी असलेल्या नाक्यावर थांबून तोंडी सांगायचं आणि तिथेच पैसे भरायचे. कोब्लेंझ-वाल्ड्सहूटचा पूल मोठ्या वाहतुकीचा आहे, पण कुठल्याही नाक्याच्या खिडकीची वेळ निघण्याआधी पाहून ठेवा. लहान नाक्यांवर बराच वेळ कोणीच नसतं. दुसरा मार्ग क्विकझोल हे स्विस कस्टम्सचं मोफत ॲप. त्यात सीमा ओलांडण्याआधी माल भरायचा, दोन तासांची वेळ निवडायची, कार्डाने पैसे द्यायचे, मग कुठल्याही नाक्याने न थांबता आत. सीमा ओलांडल्यावर भरलेलं चालत नाही, म्हणून दुकानाच्या पार्किंगमध्येच बसून भरा. पैसे देण्याआधी किराण्यावर २.६ टक्केच धरले आहेत ना ते पाहा. नसतील तर खिडकीवर जाऊन सांगणं बरं.

न सांगता सापडलात तर बुडवलेली ड्युटी आणि व्हॅट वसूल होतात आणि वर दंड बसतो, जो बुडवलेल्या रकमेच्या काही पट असू शकतो. ‘माहीत नव्हतं’ म्हणून तो माफ होत नाही.

सासूबाईंचा पासपोर्ट बरोबर ठेवाच. ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीने स्विस सीमेवर तपासण्या सुरू केल्या आहेत. त्यांचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तरी काळजी नको. एका शेंगेन देशातून दुसऱ्यात गेल्याने एंट्री संपत नाही.

त्यांच्या पुण्याहून आलेल्या बॅगेबद्दल मात्र वेगळा नियम लागतो आणि तो फार जणांना माहीत नसतो. भारतातून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, थोडेसेही नाही. पेढे, खवा, साजूक तूप, पनीर सगळं त्यात आलं. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही बाद. केळी, अननस, नारळ, खजूर यांना सूट आहे. डाळी, गोडा मसाला, पापड, भाजणी निर्धास्त आणा. नातेवाईक गोव्याचे असतील आणि काजू फेणी आणणार असतील तर ती कडक मद्यात धरली जाते, माणशी १ लिटर. पुढच्या वेळी आईला फोनवर सांगाल तेव्हा हे आधी सांगा. विमानतळावर हातचे पेढे काढून घेतले की म्हाताऱ्या माणसाचा जीव फार हळहळतो.

मित्रांसाठीही सामान आणायला सांगतात. सवलत घरगुती वापराच्या आणि भेट द्यायच्या मालाला आहे. शेजाऱ्याने पैसे देऊन मागवलेलं चिकन किंवा मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमासाठी चाळीस पाकिटं बटर हे तुमच्या वाट्यात बसतं असं गृहीत धरू नका. अशा वेळी आधी कस्टम्सला विचारा. मंडळाच्या खरेदीचे कागद वेगळे होतात आणि ते करणं फार अवघडही नाही. जर्मन पत्त्यावर मागवून तिथून उचललेलं ऑनलाइन पार्सलही त्याच दिवसाच्या १५० मध्ये मोजायचं.

गाडीपुरतं एवढं, टाकीतलं पेट्रोल आणि कॅनमध्ये २५ लिटरपर्यंत चालतं. तिकडे टायर बदलून घेतलेत किंवा गाडी दुरुस्त केलीत तर तोही खर्च आयात म्हणून धरतात, टायर गाडीला लावलेले असले तरी. आणि टायरवर जर्मन व्हॅट परत मिळत नाही, खाजगी वाहनाच्या साहित्याला ती सवलत नाही.

तुमची बदली पुढे फ्रान्सलगतच्या जिनिव्हा किंवा इटलीलगतच्या टिचिनोकडे झाली तर स्विस बाजूचे आकडे हेच राहतात, पलीकडची व्हॅट परताव्याची किमान रक्कम बदलते. इटलीत ती फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरो आहे, फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर. लिश्टेनश्टाइनला जाताना-येताना हा प्रश्नच नाही, कारण १९२३ च्या करारापासून तो स्विस कस्टम्स क्षेत्रातच आहे. पूर्व स्वित्झर्लंडमधल्या एंगाडीन खोऱ्याच्या सहलीत इटलीतल्या लिव्हिन्यो किंवा समनाउनच्या करमुक्त दुकानांत शिरलात तर मात्र हीच मोजमापं लागतात. समनाउन स्वित्झर्लंडमध्ये असूनही.

आणि उलट दिशेने, म्हणजे श्टुटगार्टच्या मित्राकडे इथलं चॉकलेट, चीज, वाइन घेऊन गाडीने जाल तेव्हा जर्मन नियम. प्रौढाला ३०० युरोपर्यंतचा माल, पंधरा वर्षांखालच्या मुलाला १७५. दारूत ४ लिटर साधी वाइन, १६ लिटर बिअर, आणि त्याखेरीज २२ टक्क्यांच्या वरचं १ लिटर. स्विस चीज नेण्याला काही हरकत नाही. वयाची अट तिकडेही १७ चीच आहे.